दहावीच्या मुलीसाठी वर्कबुक: तिने एकटीने भरावे की कोणी सोबत बसावे?

प्रश्न: एक आई, मानेवाडा, नागपूर

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेपासून तिला रात्री लवकर झोप लागत नाही, पेपरच्या आदल्या दिवशी पोटात कळ येते आणि मैत्रिणींबरोबर फुटाळा तलावावर जाणेही तिने बंद केले आहे. ती शाळा बुडवत नाही, जेवण नीट आहे, घरात बोलते. त्यामुळे हा वयाचा भाग आहे की आजाराची सुरुवात, हे आम्हा दोघांना ठरवता येत नाही. माझ्या भावाने सीताबर्डीवरून किशोरवयीन मुलांसाठीचे, चिंतेवरचे एक इंग्रजी वर्कबुक आणून दिले. मुलगी मराठी माध्यमाची आहे. तिने एका रविवारी पहिली बारा पाने भरली आणि पुस्तक कपाटात ठेवून दिले, ते पुन्हा काढलेच नाही. ते उघडून तिने काय लिहिले आहे ते मी पाहावे का? की अशा पुस्तकांचा मुळातच उपयोग होत नाही?

उत्तर: शालेय समुपदेशक

ताई, उपयोग होतो, परंतु बारा पाने एका दिवसात भरून होत नाही. तिने ते गृहपाठासारखे उरकले, यात तिचा दोष नाही. पुस्तक हातात देताना ते कसे वापरायचे हे बहुधा कोणी सांगत नाही.

अशी बहुतेक वर्कबुके ज्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीवर उभी आहेत, ती अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना विकसित केली. त्याआधी अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती मराठी वाचकांना अधिक परिचित आहे. घटना, तिच्याविषयी मनात आलेला विचार, त्यातून उठलेली भावना आणि मग आपण केलेली कृती, हे धागे कागदावर वेगळे करून पाहायचे, हा या लेखनाचा गाभा आहे. "गणिताचा पेपर कोरा जाणार" हा विचार आला, तर तो लिहायचा, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे आणि मग तो विचार प्रत्यक्षात तपासून पाहायचा. या शेवटच्या भागासाठी दिवस लागतात आणि खरा बदल तिथेच घडतो.

भीती वाटते म्हणून आपण एखादी गोष्ट टाळली की लगेच हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक बळकट होते. म्हणून पायऱ्या करायच्या असतात: आधी घरी घड्याळ लावून एकच प्रश्न सोडवणे, मग एक विभाग, मग मैत्रिणीच्या घरी बसून पूर्ण पेपर, आणि शेवटी शाळेतील सराव पेपर. एक पायरी सोपी वाटेपर्यंत पुढची घ्यायची नाही.

कोणाच्या तरी मार्गदर्शनाने केलेल्या स्वमदतीचा परिणाम एकट्याने केलेल्या स्वमदतीपेक्षा अधिक दिसतो आणि मुले ती मध्येच सोडून देण्याचे प्रमाणही कमी राहते. सोबत बसणारी व्यक्ती तज्ज्ञच असावी असे नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून "या आठवड्यात कोणती पायरी करून पाहिलीस, काय झाले?" इतके विचारणारे कोणीतरी हवे.

उत्तर: अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नंदनवन

काकू, कृपया ते पुस्तक उघडू नका. बारावीच्या वर्षी माझ्याकडेही असेच पुस्तक होते. घरच्यांनी ते एकदा वाचले, काळजीपोटीच वाचले, परंतु त्यानंतर मी प्रत्येक रकान्यात त्यांना वाचून बरे वाटेल तेच लिहू लागलो आणि पुढचे सर्व लेखन व्यर्थ गेले.

भाषेचेही सांगतो. इंग्रजीत लिहिताना माझे लक्ष वाक्य बरोबर आहे की नाही याकडे जायचे. नंतर महाविद्यालयातील समुपदेशक मॅडमनी सांगितले की पुस्तकातील फक्त प्रश्न घे आणि उत्तरे साध्या दोनशे पानी वहीत, घरी बोलतोस तशी लिही. तेव्हा कुठे "मले भेव वाटते" हे मी पहिल्यांदा लिहिले. ते वाक्य मला इंग्रजीत कधीच लिहिता आले नसते.

उत्तर: निवृत्त परिचारिका

वर दिलेला सल्ला सौम्य त्रासापुरता योग्य आहे, त्याला एक मर्यादा जोडते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, जेवण किंवा शाळा सुटू लागली, तर वर्कबुकवर विसंबून न राहता मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात किंवा अन्य मानसोपचारतज्ज्ञाकडे तिला दाखवावे. स्वतःला इजा करण्याची किंवा "मी नसते तर बरे झाले असते" अशी भाषा एकदाही कानावर आली, तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी जावे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 13 ते 17 वयोगटातील सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला होता, त्यामुळे दाखवायला नेण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही, आणि पालकही फोन करू शकतात.

प्रश्नकर्ती आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुस्तक मी उघडले नाही. काल रात्री तिच्यासाठी नवी वही आणली आणि ती कोणीही वाचणार नाही, असा शब्द दिला. सोबत कोणी बसावे असे विचारल्यावर तिने माझे नाव न घेता धरमपेठेतील मावशीचे घेतले. मला क्षणभर वाईट वाटले, परंतु ती काही वेळाने स्वतःच म्हणाली, "आई, तू लगेच रडतेस ना, म्हणून." शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मावशी घरी येणार आहे. "फुटाळ्यावर मैत्रिणींबरोबर अर्धा तास" ही पायरी कुठे ठेवायची, ते त्या दोघी ठरवतील.