मदत हवी आहे : इंग्रजीतल्या '-ई' प्रत्ययाला आपलं '-लेला' चालेल का?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमातून आलेल्या कॉलेजच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. सध्या माणसांसाठीच्या नामांचे प्रत्यय चालू आहेत.

'-अर' आणि '-ई' ची जोडी मुलांना लगेच कळते. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयीला ठेवलं जातं. हा '-ई' इंग्लंडच्या कोर्टांत रुळलेल्या फ्रेंचमधून आला, म्हणून कायद्याच्या कागदांत तो फार. भाडेकरारातले लायसन्सर आणि लायसन्सी मुलांनी पाहिलेले असतात. मॉर्गेजीपाशी मात्र हमखास घोळ होतो. पैसे बँक देते, म्हणजे मॉर्गेजर बँकच, असं त्यांना वाटतं. पण इथे क्रिया गहाण ठेवण्याची आहे. घर गहाण ठेवणारा कर्जदार मॉर्गेजर, आणि ज्या बँकेकडे ते ठेवलं ती मॉर्गेजी. एवढं सांगितलं की सुटतं.

खरी अडचण पुढे आहे. एस्केपी स्वतःच पळालेला असतो. रिटायरी स्वतः निवृत्त होतो, अटेंडी स्वतः हजर राहतो, बसमधला स्टँडीही स्वतःच उभा असतो. त्यांना कोणी काही केलेलं नाही. मग '-अर' का नाही?

मला सुचलेलं उत्तर असं: मूळ फ्रेंच प्रत्यय भूतकाळवाचक धातुसाधिताचा आहे, आपल्या '-लेला'सारखा. आपण 'नेमलेला' म्हणतो तेव्हा नेमणारा दुसरा असतो, 'पळालेला' म्हणतो तेव्हा पळणारा तोच. रूप एकच, धातू सकर्मक की अकर्मक यावर अर्थ फिरतो. रेफ्यूजी हा शब्द तर फ्रेंचमधूनच आला. 1685 नंतर फ्रान्समधून इंग्लंडला पळून आलेल्या ह्यूगेनॉट प्रोटेस्टंटांसाठी तो वापरात होता. आश्रय घेतलेले, म्हणजे पुन्हा '-लेला'च! मला हे फार आवडलं आहे, म्हणूनच वर्गात सांगण्याआधी तपासून घ्यायचं आहे.

कारण ट्रेनी अजून शिकतोच आहे, 'शिकवलेला' नाही. स्टँडीही उभा राहिलेला कमी आणि उभा असलेला जास्त. अटेंडी तर सकर्मक क्रियापदावरून आलाय, तरी कर्ताच दाखवतो, तिथे माझा नियम पार मोडतो.

भाषाशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सांगावं: '-लेला' ही तुलना मुळात योग्य आहे का? आणि अटेंडीसारख्या शब्दांना तिच्यात बसवावं, की सरळ अपवाद म्हणून वेगळं शिकवावं?

जाता जाता आणखी एक. इंजिनिअर, व्हॉलंटिअर सन्मानाचे, पण त्याच प्रत्ययाचे प्रॉफिटिअर, रॅकेटिअर शिवीसारखे. नफेखोर, लाचखोर यांतल्या '-खोर'ची आठवण होते. पण '-खोर' लागलेला एकही सन्मानाचा शब्द मला सापडत नाहीये. कोणाला माहीत आहे का?