सेटलमेंटनंतर नवं कार्ड
क्रेडिट कार्डाची थकबाकी पूर्ण न भरता बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवली, म्हणजे सेटलमेंट केली, की नवं कार्ड मिळतच नाही असं म्हणतात; ते तितकंसं खरं नाही. आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदींचा अहवाल, काढा. खातं ‘सेटल्ड’ दिसत असेल तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि रिपोर्टातली नोंद बदलली का, ते स्वतः तपासा. पत्र हातात आलं म्हणून नोंद बदलली असं नसतं, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग ठेवीच्या तारणावरचं कार्ड घ्या. त्यात बँकेला फारशी जोखीम नसते. खर्च मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, बिल पूर्ण आणि वेळेवर. नकार आला की लगेच दुसरीकडे अर्ज टाकू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात दिसते. ज्या बँकेचे पैसे थकवले होते तिच्याकडे सर्वांत शेवटी जा; रिपोर्ट सुधारला तरी तिच्या स्वतःच्या दप्तरी जुनी नोंद राहू शकते.