मदत हवी आहे : पहिली शॉर्टफिल्म, खानापूर-बेळगाव बसमधली मोडलेली प्रेमकथा

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. 14 पानांची संहिता तयार आहे. खानापूरची मराठी मुलगी, इटगीकडचा कन्नड मुलगा, दोघं एकाच बसनं बेळगावला कॉलेजला जातात. भेटी उसाच्या फडात, निरोप्या तिचा 10 वर्षांचा भाऊ. घरचे तिचं लग्न दुसरीकडे ठरवतात आणि मुलगा रेल्वेखाली जीव देतो. एक मिररलेस कॅमेरा, 50 मिमी लेन्स, दोन कॉलर माईक, 6 जणांची टीम. डिसेंबरमध्ये 4 दिवस शूट. बसचे सीन कसे घ्यावेत? परवानग्या कुठल्या? शेवट पटतोय का? आणि रेडिओवर जुनं भावगीत 10 सेकंदच वाजवलं तर चालतं ना?

क्लॅपर
शेवटाचं आधी बोलू. रुळांवर विनापरवाना उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. पण परवानगी मिळाली तरी तो सीन काढाच. 13 मिनिटं प्रेम आणि एका मिनिटात मरण, म्हणजे गोष्ट संपवायला गाडी बोलावल्यासारखं होतं. हे जमणार नाही, हे प्रेक्षकाला तिसऱ्या मिनिटाला कळू दे, त्या दोघांना नको. थोरल्या भावाच्या टेम्पोचे थकलेले हप्ते आणि ते फेडायला तयार असलेलं स्थळ, एवढं स्वयंपाकघरातल्या दोन वाक्यांत येतं. शेवटी सकाळची तीच बस, तिच्या जागेवर कुणीतरी भाजीची बुट्टी ठेवतं आणि तो ती हलवायला सांगत नाही. पुरे झालं.

बस : चालत्या लाल गाडीत शूट करायला महामंडळाची परवानगी लागते, शिवाय निम्मे प्रवासी लेन्सकडेच बघतात. त्यापेक्षा खासगी बस अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं घ्या आणि गर्द झाडांना खेटून उभी करा. खिडकीबाहेर मोकळं आभाळ आलं की चेहरे काळे पडतात किंवा बाहेरचं पांढरंफेक होतं. मागच्या बंपरवर दोघांनी हलका दाब देत गाडी डुलवायची, तिसऱ्यानं खिडकीबाहेर उन्हाच्या आड फांदी सरकवत राहायचं. क्लोजअपमध्ये गाडी चालतेय असंच वाटतं. 50 मिमी लेन्स दोन सीटांच्या मध्ये अडचणीची होते, जास्त रुंद दिसणारी 24 किंवा 28 मिमी भाड्यानं आणा.

सेकंदाला 24 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद ठेवा, ट्यूबलाइटचा फ्लिकर येणार नाही. भर उन्हात आयएसओ 100, एफ 2.8 आणि 1/50 म्हटलं की 6 स्टॉप जास्त उजेड होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणून एनडी 64, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सपुढची गडद काच लागेल. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र घेणारा मोड) कॅमेऱ्याचा बेस, म्हणजे मूळ आयएसओ 800 असेल तर आणखी 3 स्टॉप धरा. एनडी नाही म्हणून शटर 1/2000 केलं की हालचाल झटके देते. पहिल्या फिल्मा इथंच ओळखू येतात.

फडाची भानगड वेगळीच. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. मालकाला तोडणीची तारीख विचारून त्याच्या आधीचा दिवस धरा. टोळी आली की फड गेला, रीटेक नाही. पात्यांनी हात कापतात, पुढच्या सीनमध्ये ओरखडे दिसतात, म्हणून दोघांना पूर्ण बाह्या द्या. आत साडेचारनंतर उजेड राहत नाही.

बूमवाला
दोन कॉलर माईकांवर विसंबू नका. सिंथेटिक ओढणीखाली माईक घासला की संवाद गेला, आणि फडात पाचटाचा आवाज वेगळाच. एक शॉटगन माईक (समोरचाच आवाज पकडणारा लांब माईक) आणा, तो धरायचा दांडा, म्हणजे बूम म्हणून रंगाऱ्याची लांबणारी काठी चालते. माईक फ्रेमच्या अगदी कडेला, तोंडापासून दोन-अडीच फुटांवर. सर्वात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डीबीच्या (डेसिबल) आसपास ठेवा. बसचे संवाद इंजिन बंद ठेवून घ्या आणि धावत्या गाडीचा आवाज प्रवासी म्हणून बसून वेगळा, सलग 5 मिनिटं रेकॉर्ड करा. प्रत्येक जागी 30 सेकंद सगळ्यांनी गप्प राहून तिथली शांतता टिपून ठेवा, नाहीतर एडिटमध्ये प्रत्येक कट ऐकू येतो. घरातल्या सीनला घरघर नको म्हणून फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरत नाही.

आणि नायिकेला पुणेरी बोलायला लावू नका. घरी खानापुरी, त्याच्याशी अर्धं कन्नड. सबटायटल्स इंग्रजीत हवीतच, कन्नडमध्येही करा.

गावठाण
10 सेकंदांची सूट कायद्यात कुठंच नाही, ती अफवा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, आणि गीत-संगीताचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. दोन्हींची परवानगी वेगवेगळी. त्यापेक्षा आजीकडून जात्यावरची पारंपरिक ओवी म्हणवून घ्या.

10 वर्षांच्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनाचा किमान 20 टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. बेळगावच्या किल्ल्यातली जुनी मंदिरं पुरातत्त्व खात्याकडे आणि भीमगडचं जंगल वन खात्याकडे, त्यामुळे पहिल्या फिल्मला दोन्ही टाळलेली बरी.

मलप्रभाकाठ
रेल्वे काढली, ओवी घेतो. कॉलेजसाठी कॅम्प भागात ड्रोनचा एक शॉट?

गावठाण
नको. कॅम्प लष्कराचा, शिवाय सांबऱ्याचं विमानतळ. कॉलेजच्या गच्चीवरून घ्या, प्राचार्यांचं लेखी पत्र आधी घ्या. आणि फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर आधी यूट्यूबवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरून बाद करतात.