मदत हवी आहे: फोनवर रीडिंग अर्धवट येतंय आणि फॉगर बंदच होत नाही

धिंगरी_गडहिंग्लज
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. धिंगरी मशरूमच्या खोलीत ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) लावलाय, त्याला सेन्सर आणि फॉगरचा (धुकं मारणाऱ्या यंत्राचा) रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), आणि ब्लूटूथवरून मोबाईलमध्ये तापमान-आर्द्रता बघायची आणि फॉगर चालू-बंद करायचा, एवढंच काम आहे. पण रीडिंग अर्धवट येतंय. तापमान येतं, आर्द्रता येते आणि पुढं फॉगर चालू आहे का बंद हे यायला पाहिजे तिथं नुसतं एफ येऊन थांबतं. दुसरं म्हणजे फॉगर अ‍ॅपमधून चालू होतो पण बंद केला की बंद होत नाही, खाली जाऊन प्लग काढावा लागतोय. बेडवर पिनहेड (मशरूमचे बारीक कोंब) सुटलेत, पाणी जास्त झालं तर कुजतील आणि कमी झालं तर वाळतील, त्यामुळं संध्याकाळपर्यंत काहीतरी सांगा. कोड बरोबर आहे. अ‍ॅप भाच्यानं करून दिलंय आणि त्याची परीक्षा चालू आहे म्हणून त्याला विचारता येत नाही.

अण्णा_रत्नागिरी
लोकेशन चालू करा. अँड्रॉइडला ब्लूटूथ स्कॅन करायला लोकेशन लागतं, ते बंद असेल तर डिव्हाइस दिसतच नाही. अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची डिव्हाइसेस' अशी वेगळी परवानगी आली आहे, सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या परवानग्यांत जाऊन ती द्या. आमच्याकडे पण हाच प्रॉब्लेम होता.

धिंगरी_गडहिंग्लज
अण्णा दिसतंय की, कनेक्ट पण होतंय. रीडिंग अर्धवट येतंय असं म्हणतोय मी.

नागपूरचा_मेकर
भाऊ ब्लूटूथ काढून टाक, वायफायवर घे. ईएसपी३२ मध्ये दोन्ही आहे ना. बोर्डलाच अ‍ॅक्सेस पॉइंट कर, फोन त्याला जोड आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाक, पेज उघडतं, अ‍ॅपची गरजच नाही, भाचा पण नको. मी घरच्या टाकीच्या लेव्हलसाठी हेच केलंय, एकदम मस्त चालतं. घरचा राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट वापरणार असशील तर २.४ गिगाहर्ट्झवर ठेव, ५ वर असेल तर ह्या बोर्डला तो दिसणारच नाही.

प्राजक्ता_पुणे
त्यात वेगळी डोकेदुखी आहे. बोर्डच्या वायफायवर इंटरनेट नसतं, मग बरेच फोन थोड्या वेळानं ते सोडून मोबाईल डेटावर जातात, 'तरीही कनेक्टेड राहा' असं विचारतात ते कोणी वाचत नाही. आणि सेन्सर अ‍ॅनालॉग असेल आणि चुकीच्या पिनवर असेल तर वायफाय चालू केलं की रीडिंगच बंद, कारण एडीसी२ च्या (अ‍ॅनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वायफाय वापरतो. म्हणजे ४, १३, २५, २७ वगैरे. त्यामुळे आहे ते आधी नीट करू.

धिंगरी_गडहिंग्लज, हे सांगा: सेन्सर कोणता? फोन कोणता? ब्लूटूथ क्लासिक की बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ)? अ‍ॅपमध्ये डेटा नोटिफायने (बोर्ड स्वतःहून पाठवतो तसा) येतो की तुम्ही रीड दाबता? आणि बोर्ड नक्की काय पाठवतो, अख्खी ओळ जशीच्या तशी लिहा.

नागपूरचा_मेकर
एडीसीचा मुद्दा बरोबर आहे पण त्याचा सेन्सर डिजिटल असला तर? उगाच घाबरवू नका ना त्याला.

प्राजक्ता_पुणे
म्हणून तर विचारलं सेन्सर कोणता ते.

धिंगरी_गडहिंग्लज
सेन्सर डीएचटी२२, आर्द्रता मोजायची म्हटल्यावर तोच असणार ना. बीएलई. फोन अँड्रॉइड, साधाच आहे. ओळ अशी आहे, इंग्रजीत: टेम्प, कोलन, २७.४, स्वल्पविराम, हम, कोलन, ८३.१, स्वल्पविराम, फॉगर, कोलन, ऑन. सगळी स्मॉल लेटर, मध्ये स्पेस नाही. नोटिफाय का काय ते माहीत नाही, आपोआप येतंय. आणि एक गंमत म्हणजे वहिनींच्या आयफोनवर दुसऱ्या एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये ओळ पूर्ण दिसते, म्हणून तर माझा फोनच खराब आहे का अशी शंका आली.

प्राजक्ता_पुणे
आयफोनचं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर तासभर वाचला असता. फोन खराब नाही.

आता अक्षरं मोजा. इंग्रजीत टेम्प आणि कोलन मिळून ५, २७.४ ची ४, स्वल्पविराम १, झाले १०. हम आणि कोलन ४, ८३.१ ची ४, स्वल्पविराम १, झाले १९. विसावं अक्षर एफ. तिथंच तुटतंय ना? बीएलईमध्ये एका वेळी किती बाइट (इथं एक अक्षर म्हणजे एक बाइट) जातील ते एमटीयू नावाच्या मर्यादेवर ठरतं, ते कमीत कमी २३ असतं, त्यातले ३ नोटिफायच्या हेडरला जातात आणि उरतात २०. आयफोन कनेक्ट झाला की स्वतःहून मोठं एमटीयू मागून घेतो. अँड्रॉइडमध्ये ते अ‍ॅपनं मागावं लागतं, नाही मागितलं तर २३ वरच राहतं आणि बोर्डची लायब्ररी पुढची अक्षरं कापून टाकते.

खात्री करून घ्या: एनआरएफ कनेक्ट नावाचं अ‍ॅप टाका, बोर्डला जोडा, मेनूमध्ये रिक्वेस्ट एमटीयू आहे, तिथं १८५ टाका आणि मग नोटिफाय चालू करा. ओळ पूर्ण आली तर निदान पक्कं.

कोड_आणि_चहा
एमटीयूच्या भानगडीत पडायचंच कशाला? ओळ बारीक करा ना. टी२७.४एच८३.१एफ१, झालं काम, १२ अक्षरं. टेम्प, हम, फॉगर हे शब्द हवेतून पाठवायची गरजच नाही, ते फोनच्या स्क्रीनवर लिहिता येतात.

प्राजक्ता_पुणे
बरोबर आहे पण मग अ‍ॅप पण बदलावं लागेल, ते स्वल्पविरामावर तोडत असणार. अ‍ॅपला हात लावायचाच आहे तर एमटीयू मागणारी एक ओळ टाकलेली काय वाईट.

कोड_आणि_चहा
एक ओळ नाही हो. कनेक्ट झाल्यावर एमटीयू मागायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मगच सर्व्हिसेस शोधायच्या. अँड्रॉइडला दोन्ही कामं एकदम दिली की दुसरं गप गिळलं जातं, एरर पण धड दिसत नाही. त्याच्या भाच्याला परीक्षेत हे लिहायला लावणार का? स्वल्पविराम ठेवूनच बारीक करा: टी, २७.४, स्वल्पविराम, एच, ८३.१, स्वल्पविराम, एफ, १. चौदाच होतात.

सातारकर_वायरमन
ते अक्षरांचं तुम्ही बघा. मला दुसऱ्या प्रश्नाची काळजी वाटते, त्याकडं कुणी बघतच नाही. फॉगर कसला आहे? पंपवाला की तो पाण्यात बुडवायचा अल्ट्रासॉनिक? किती वॅटचा? रिले मॉड्यूल किती व्होल्टचं? त्याचा व्हीसीसी (पॉवरची पिन) कुठं जोडलाय? खोलीत आर्द्रता ८० च्या वर आणि २३० व्होल्ट उघड्यावर असं असेल तर बाकीचं सगळं नंतर, आधी ती वायर डब्यात घाला. आणि अर्थ लीकेज ब्रेकर आहे का, ३० मिलीअँपचा?

धिंगरी_गडहिंग्लज
हाय प्रेशर पंप आहे, छोटा, नोझलवाला. डबा आहे पण उघडा आहे, झाकण लावतो. ब्रेकर नाही. रिले दोन चॅनेलचा निळा, सगळीकडं मिळतो तो. व्हीसीसी ५ व्होल्टला. पण रिलेचा प्रश्न नाहीच, चालू तर होतोय. फोनवरून बंदचा मेसेजच जात नसणार, अक्षरं तुटतात तसं.

सातारकर_वायरमन
ऑफ शब्द तीन अक्षरांचा आहे दादा, तो कसा तुटेल. मल्टिमीटर घे. अ‍ॅपमधून बंद कर आणि ज्या पिनेवरून रिलेला सिग्नल जातो तिथं आणि ग्राउंडमध्ये व्होल्टेज बघ. ३.३ च्या आसपास आलं तर मेसेज पोचतोय. आणि त्या वेळी रिलेवरचा लाल दिवा पूर्ण विझतो का मिणमिणतो ते पण सांग. पंपाचा प्लग काढून मग बघ, ओल्या हातानं नको.

विदर्भ_किसान
मला एक विचारायचं होतं, धिंगरीला भाताचा पेंढा घेता की गव्हाचा भुस्सा? आमच्याकडे सोयाबीनचं कुटार भरपूर आहे, त्यावर येते का? आणि ओली किती रुपये किलो जाते तिकडे?

नागपूरचा_मेकर
भाऊ वेगळा धागा काढ ना, त्याचे पिनहेड वाळून राहिले तिकडे.

धिंगरी_गडहिंग्लज
३.२८ आलं. लाल दिवा बारीक मिणमिणतोय. म्हणजे?

सातारकर_वायरमन
म्हणजे फोनचं काम झालंय. हा रिले उलटा चालतो, सिग्नल खाली गेला की चालू, वर गेला की बंद. पण मॉड्यूल ५ व्होल्टवर आहे आणि तुझा बोर्ड वर म्हणजे ३.३ पर्यंतच जातो. मधे पावणेदोन व्होल्ट उरतात, तेवढ्यात ऑप्टोकपलरमधून (रिलेला सिग्नल देणाऱ्या भागातून) थोडा करंट वाहत राहतो आणि रिले सुटत नाही. अर्डुइनो उनोवर हेच मॉड्यूल नीट चालतं कारण तो ५ व्होल्ट देतो, म्हणून व्हिडिओत सगळ्यांचं चालतं.

मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांच्यावर एक छोटा जंपर असेल. तो काढ. जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट दे, ते कॉइलला जातील. व्हीसीसीला ३.३ दे, ते सिग्नलच्या बाजूला जातील. ग्राउंड आहे तसं ठेव. जंपर नसलेलं मॉड्यूल असतं तर मधे एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर घालावा लागला असता.

आणि मोटर आहे म्हणून सांगतो, त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते बल्ब-हीटरसारख्या लोडचं. मोटर सुरू होताना कितीतरी जास्त खेचते, कॉन्टॅक्ट चिकटून बसतात आणि मग सिग्नल कितीही बरोबर असला तरी पंप चालूच राहतो. रिलेनं छोटा कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट स्विच) ओढ आणि पंप त्या कॉन्टॅक्टरवर घे.

हार्डवेअर_मडगांव
एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारात डिजिटल ह्युमिडिटी कंट्रोलर मिळतो, प्रोबसकट. ८० ला चालू, ८५ ला बंद असं सेट केलं की विसरून जायचं. मोबाईल कशाला हवा त्यात? आमच्याकडे पावसाळ्यात फॉगरच लागत नाही ती गोष्ट वेगळी.

प्राजक्ता_पुणे
त्यांना घरातून रीडिंग बघायचंय, ते कंट्रोलर दाखवत नाही. पण अर्धी गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मी सांगणारच होते. फॉगर चालू-बंद करायचा निर्णय फोनकडे ठेवू नका. फोन रेंजच्या बाहेर गेला, बॅटरी संपली, अ‍ॅप अँड्रॉइडनं मागे मारून टाकलं, यातलं काहीही झालं आणि त्या वेळी फॉगर चालू असेल तर तो चालूच राहणार. ८० च्या खाली चालू आणि ८५ च्या वर बंद हे बोर्डवरच लिहा. फोनवर फक्त बघा, हे आकडे बदला आणि लागलंच तर हातानं चालू करा. शिवाय काहीही झालं तरी सलग काही मिनिटांच्या वर फॉगर चालणार नाही अशी मर्यादा बोर्डवर घाला.

एक खड्डा आधीच सांगते. डीएचटी२२ ची वायर हलली किंवा वाचन चुकलं की लायब्ररी आकड्याऐवजी नॅन (म्हणजे 'हा आकडाच नाही') देते. नॅन ८० पेक्षा कमी आहे का, तर नाही. ८५ पेक्षा जास्त आहे का, तर तेही नाही. दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि फॉगर होता त्याच स्थितीत राहतो. चालू असेल तर चालू. त्यामुळे नॅन आलं की सरळ बंद, असं आधी लिहा आणि मग बाकीच्या अटी. आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा वाचू नका, तो सेन्सर त्यापेक्षा जलद देत नाही.

कोड_आणि_चहा
ह्याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि रिलेची पिन कोणती आहे? १२ वर असेल तर हलवा, ती बूट होताना वर ओढली गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. लाइट जाऊन आली की मग बसा शोधत. २६ किंवा २७ घ्या, तुमचा सेन्सर डिजिटल आहे म्हणून एडीसीचा प्रश्न येत नाही.

अण्णा_रत्नागिरी
ब्लूटूथची रेंज वाढवायची असेल तर फोनचा कव्हर काढून बघा.

धिंगरी_गडहिंग्लज
अण्णा रेंज ठीक आहे, स्लॅबमधून पण येतंय.

बाकी सगळ्यांना: जंपर काढून वायरमन दादांनी सांगितल्यासारखं जोडलं, फॉगर आता फोनवरून बंद होतोय, दिवा पूर्ण विझतो. एनआरएफ कनेक्टमध्ये १८५ टाकून बघितलं, ओळ पूर्ण आली. तूर्त ओळ बारीक केलीय आणि एनआरएफ कनेक्टमध्येच बघतोय, एमटीयूचं भाचा परीक्षेनंतर अ‍ॅपमध्ये घालेल. रिले २७ वरच आहे. ब्रेकर आणि कॉन्टॅक्टर उद्या गावातून आणतो, तोवर फॉगर चालू असताना मी स्वतः खोलीच्या बाहेर थांबणार.

पण आता नवीनच. फॉगर चालून गेला की आर्द्रता ९९.९ दाखवते आणि तिथंच अडकते, खोली कोरडी वाटायला लागली तरी ९९.९. आधी पण व्हायचं हे, मला वाटायचं धुकं आहे म्हणून. आता बोर्डवर ऑटो लिहिलं तर हा फॉगर कधी चालूच करणार नाही की.

प्राजक्ता_पुणे
नाही करणार, म्हणून ऑटो आत्ताच चालू करू नका. डीएचटी२२ वर थेंब बसले की तो ९९.९ ला चिकटतो, पार वाळेपर्यंत खाली येत नाही. आधी जागा बदला. नोझलच्या समोर नको, बेडच्या उंचीला पण फवारा थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात, वरून छत्रीसारखं काहीतरी झाकून पण बाजूनं हवा खेळती. तेवढ्यानं भागलं नाही तर एसएचटी३१ सेन्सर घ्या, जाळीची टोपी असलेला. तो आय२सी नावाच्या दोन वायरींच्या जोडणीवर चालतो, २१ आणि २२ पिना मोकळ्या असतील तर दोन वायरींचं काम आहे, पत्ता बहुतेक मॉड्यूलवर ०एक्स४४. कोडमध्ये वाचायची ओळ तेवढी बदलेल.

सातारकर_वायरमन
आणि फॉगरचा मारा थेट पिनहेडवर घेऊ नको, भिंतीवर आणि जमिनीवर घे. सेन्सरही वाचेल आणि धिंगरीही.

धिंगरी_गडहिंग्लज
नोझल आत्ताच फिरवतो. एसएचटी३१ कोल्हापुरात दुकानात मिळतो का ऑनलाइनच मागवावा लागेल, कुणाला माहीत असेल तर लिहा. मिळेपर्यंत हातानंच चालू-बंद करतो.

विदर्भ_किसान
कुटाराचा धागा काढला आहे, धिंगरीवाले दादा मोकळे झाले की तिकडे या.