जुन्या एमजीबीच्या डिकीत काय न्यायचं? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

निखिल (ब-३०४): नमस्कार मंडळी. शनिवारी एमजीबी, म्हणजे माझी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेऊन किनाऱ्याने दापोलीला निघतोय. गणपतीपुळे, जयगड, फेरीबोटीने तवसाळ, मग गुहागर, धोपावे आणि परत फेरीबोटीने दाभोळ. गाडी १९७० ची, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, तारांची चाकं. डिकीत स्टेपनीच अर्धी जागा घेते. काय न्यायचं, काय घरी ठेवायचं?

गोखले काका (अ-१०१): निखिल, आधी एक चाळणी लाव. जो भाग गेल्यावर गाडी जागची हलणार नाही आणि जो गुहागरच्या दुकानात मिळणार नाही, तो न्यायचा. बाकी सगळं घरी.
त्यात पहिला मान इग्निशनचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांचा. पॉइंट सेट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल आणि सर्वांत लांब सिलिंडरला पुरेल एवढी एक प्लग वायर. सगळं मिठाईच्या डब्यात मावतं. प्लग चारही नेण्याची गरज नाही, एनजीके बीपी ६ ईएसचे दोन पुरे, गॅप ०.०२५ इंच.

निखिल: काका, रोटर, कंडेन्सर नवे आणलेत, पाकिटातच आहेत.

गोखले काका: पाकिटातच ठेवलेस तर ते स्पेअर नव्हेत, नुसता भरवसा आहे. हल्लीच्या बऱ्याच रोटरमध्ये वरची पितळी पट्टी रिवेटने बसवलेली असते. प्लास्टिक हलकं असलं की स्पार्क त्या रिवेटमधून खालच्या शाफ्टला उतरतो आणि गाडी कसलीही सूचना न देता बंद पडते. कंडेन्सरचंही तेच, थंड असताना चांगला, इंजिन तापलं की गेला. म्हणून नवे भाग आजच गाडीत लाव, शुक्रवारपर्यंत शंभरेक किलोमीटर चालव. नीट चालले की काढून डब्यात ठेव आणि आधीचे परत बसव. रिवेट नसलेला रोटर मिळाला तर तोच घे.
पॉइंटची गॅप ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) ने. ते विसरलास तर जाड व्हिजिटिंग कार्डावर गाव गाठता येईल इतपत गॅप बसते.

शिर्के (क-२०२): कॉइलबद्दल एक. तुमच्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) नाही, तेव्हा साधारण ३ ओहमची, पूर्ण १२ व्होल्टची कॉइल हवी. दीड ओहमची बॅलास्टवाली कॉइल थेट लावली तर ती तापते आणि पॉइंट जाळते. दुकानदार ‘बारा व्होल्टची आहे’ म्हणाला तरी मल्टिमीटरने मोजूनच घ्या.
फ्यूजमध्येही अशीच फसगत होते. जुन्या लुकास काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो वितळण्याचा आकडा. सतत सोसण्याची क्षमता १७. आजचा ३५ सततचा फ्यूज घातलात तर फ्यूज शाबूत राहील आणि वायरिंग जळेल. १७/३५ छापलेले चार घेऊन ठेवा.

परब (ब-१०३): वायर किती न्यावी?

शिर्के: अडीच स्क्वेअर एमएमची तीन मीटर, दोन्ही टोकांना मगरचिमटे. टेस्टिंग लॅम्प. थोडे स्पेड आणि बुलेट टर्मिनल, टेप. इग्निशन स्विच गेला तर याच वायरने बॅटरीतून कॉइलच्या प्लसला थेट करंट देता येतो. गाडी थांबली की वायर लगेच काढायची, नाहीतर पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.
जंप केबल लावताना सांभाळा. सीटांमागच्या फळीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. दोघींना जोडणारी मधली केबल सोडून उरलेल्या दोन टोकांवरच केबल लावायची. एकाच बॅटरीच्या दोन टोकांना लावलीत तर तिच्यात दुप्पट व्होल्टेज शिरतं. गाडी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, आहे ना, निघण्याआधी डोळ्यांनी बघा. १९६७ पर्यंतच्या पॉझिटिव्ह अर्थ असत.

निखिल: निगेटिव्हच आहे. आणि फ्यूएल पंप? एसयूचा इलेक्ट्रिक आहे, मागे उजव्या चाकाच्या पुढे.

गोखले काका: हा विषय महत्त्वाचा. गाडी बंद पडली की बॉनेट उघडण्याआधी इग्निशन चालू करून कान दे. पंप भराभर टकटकला, मग मंदावून थांबला तर ठीक, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. टकटक थांबतच नसेल तर टाकीत पेट्रोल नाही, किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय किंवा गळतोय. आवाजच नसेल तर करंट येत नाही किंवा पंपाचे पॉइंट चिकटलेत. पान्याच्या मुठीने पंपाला हलकेच ठोक, बहुतेक वेळा सुटतो. आपल्याकडच्या दमट हवेत गाडी महिनाभर उभी राहिली की हे हमखास होतं. ठोकून सुरू झाला तरी त्याच्यावर विसंबून पुढे जाऊ नकोस, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरव.
स्पेअर पंप नेणारच असशील तर कमी दाबाचा, साधारण ३ पीएसआयचा ने. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चुकूनही जोडू नये. त्याच्या दाबाला कार्ब्युरेटरची सुई थोपवू शकत नाही, पेट्रोल ओसंडून थेट तापलेल्या एक्झॉस्टवर.
पंप ठीक असेल तर कॅपच्या मधली जाड वायर उपसून तिचं टोक इंजिनापासून ५-६ मिलिमीटरवर धर, पण इन्सुलेटेड पकडीनेच, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ठिणगी निळी, कडक हवी. ठिणगी आहे तर पेट्रोल शोध, नाही तर इग्निशनच्या स्पेअरचा डबा उघड.

मीनलताई (अ-४०२): पेट्रोलचे रबरी पाइप किती जुने आहेत? हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, आतून सोलपटतं आणि तेच तुकडे कार्ब्युरेटरच्या सुईत अडकतात. इंधनासाठीचा आर ९ दर्जाचा पाइप हवा, पाव इंची एक मीटर आणि आठ क्लिपा. खरं तर जायच्या आधीच सगळे बदल.
आणि आग विझवण्याचं सिलिंडर सीटमागे, बसल्या जागी हात पोचेल असं. डिकीत ठेवलेलं वेळेला मिळत नाही. एक किलोची एबीसी पावडर चालेल. बॉनेटखालून धूर आला तर इग्निशन बंद, सगळे खाली, आणि बॉनेट फक्त बोटभर उचलून फटीतून मारायचं. पूर्ण उघडलंस तर हवा मिळून भडका होतो. आवाक्याबाहेर वाटलं तर लांब जा आणि ११२ लाव, गाडीचा विचार करू नको.

निखिल: पाइप उद्याच बदलतो ताई. पाने कोणते नेऊ?

गोखले काका: इंचाचे. ७/१६, १/२, ९/१६ दोन-दोन नग, कारण नटाला एक आणि बोल्टला एक लागतो. गॅरेजमध्ये मिलिमीटरचेच मिळतील, आणि अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना ढिला बसून कोपरे गोल करतो. प्लगचा २१ चा पाना मात्र चालतो.
वाटेत जुना अँबॅसेडरचा मिस्त्री भेटला तर बिनधास्त हात लावू दे. तिचं १४८९ सीसी इंजिन याच बी सिरीज घराण्यातलं, टॅपेट, पाण्याचा पंप त्याच्या हातातले. पण हेड गॅस्केट तिचं चालणार नाही, तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर आणि तुझा ८० च्या वर.

परब: चाकांचं मी सांगतो. तारांच्या चाकांना ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेसचं पंक्चर किट निरुपयोगी. १४ इंची एक ट्यूब ने, ती कुठलाही पंक्चरवाला बसवेल. मधला चाकनट काढायला तांब्याचा हातोडा, लोखंडी नको. नटावर सोडण्याची दिशा लिहिलेली असते, ती वाचूनच मार. जॅकखाली एक फूट चौरस प्लायची फळी ठेव, साइडपट्टीची माती भुसभुशीत असते.
फेरीच्या उतारावर सायलेन्सर घासेल. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा चढ बदलतो, म्हणून पुढे उभ्या माणसाला ‘तिरकी घेऊ का’ विचारून जरा तिरकी, अगदी सावकाश चढव. बाइंडिंगची तार दोन मीटर आणि सायलेन्सरचं एक रबर हँगर जवळ असू दे.
पेट्रोलची टाकीही मागे खालीच आहे. जांभ्याचा दगड लागून बारीक गळती झाली तर साबणाची वडी ओली न करता भोकावर घासून दाब, जवळच्या गॅरेजपर्यंत थांबते. विडी-सिगारेटवाल्याला लांब ठेव.

गोखले काका: साबण छान आठवलास परब. फॅन बेल्ट, वरचा आणि खालचा होज, ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट, २०W-५० ऑइल एक लिटर, डॉट ४ ब्रेक ऑइल अर्धा लिटर. ब्रेक आणि क्लच दोन्ही त्याच ऑइलवर. पाणी पाच लिटर, रेडिएटरलाही आणि प्यायलाही. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडू नकोस.

मीनलताई: रिफ्लेक्टर त्रिकोण, डोक्याला लावायचा टॉर्च, रेनकोट, ओआरएसची पाकिटं, थोडी सुटी रोकड. नेटवर्क नसेल तिथे फोनवरून पैसे जाणार नाहीत, नकाशाही आधीच उतरवून ठेव.

शिर्के: निखिल, जयगडला समुद्रालगत गाडी उभी केलीत तर निघण्याआधी डिस्ट्रिब्युटर कॅप उघडून आतून कोरड्या फडक्याने पुसा. खारी ओल कार्बनच्या रेषेवर बसली की स्पार्क एका टोकावरून दुसऱ्यावर पळतो. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन आजच लावून ठेवा.

निखिल: शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळं मांडतो. काका, जरा खाली याल का? रोटर तेव्हा काढू.

गोखले काका: सहाला येतो. मल्टिमीटर शिर्क्यांचा घेऊन ठेव.