फळीपेक्षा ट्रान्समची भोकं जपा

बोटीच्या ट्रान्समला, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीला, पाण्यातून चढण्या-उतरण्यासाठी फळ्यांचा प्लॅटफॉर्म कसा बसवावा, यावर इथे चर्चा चालली आहे. त्यासाठी लाकूड सागवानच घ्यावं, हे त्यात मांडलेलं मत मलाही पटतं. पण ‘ब्रॅकेट लांब स्क्रूने ट्रान्समला आवळा आणि सिलिकॉन भरा’ हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या माणसाचं वजन सगळे धरतात, खालून बसणारा धक्का मात्र विसरतात. बोट मागे घेताना किंवा मागून लाट आली की पाणी फळ्यांना वर रेटतं आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. म्हणून आरपार बोल्ट हवेत, ३१६ ग्रेडच्या (खाऱ्या पाण्यात सहज न गंजणाऱ्या) स्टेनलेस स्टीलचे, आणि आतून रुंद बॅकिंग प्लेट, म्हणजे बोल्टचा ताण पसरवणारी पट्टी. फळ्यांमध्ये साधारण १० मिलिमीटर फट ठेवली तर पाण्याचा जोर बराच ओसरतो.

आता इथे कुणीच न काढलेला मुद्दा. फायबरग्लासच्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवुडचा गाभा असतो. भोक पाडलं की तो उघडा पडतो, पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजत राहतं. बाहेरून पत्ताही लागत नाही. मी भोक बोल्टपेक्षा मोठं पाडतो, त्यात घट्टसर कालवलेलं इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) ठासतो आणि ते पूर्ण कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक घेतो. मग बोल्ट गाभ्याला शिवतच नाही. सीलंट म्हणून पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन वापरा. सिलिकॉनचा अंश राहिला तर पुढे त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. आणि हो, सागवान तेलकट असतं, तेव्हा फळ्या चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या.