दादाची दारू घरच्या घरी एकदम बंद केली तर चालेल का?

माझा मोठा भाऊ बरीच वर्षं पितो. पूर्वी रात्रीपुरतं असायचं, आता सकाळी उठल्या उठल्या लागते. हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं वहिनी लावून देते. दोन घोट पोटात गेले की तेच हात स्थिर.

परवा तो आपणहून म्हणाला, "सोमवारपासून बंद." घरात सगळे खूश आहेत, मला मात्र धाकधूक वाटतेय. त्यात काकांनी एक पुडी आणून दिलीय. त्याच्या नकळत जेवणात मिसळायची, म्हणे. पुडीवर काहीही छापलेलं नाही. आई म्हणते देऊन बघू, वहिनीचा ठाम नकार. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आल्यामुळे "मला काही झालेलं नाही" हे दादाचं पालुपद चालूच. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
पुडी आधी बाजूला ठेवा. अशा पुड्यांत डायसल्फिरम असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं, क्वचित जीवही जातो. हे औषध पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. वहिनी बरोबर आहेत.

आता सोमवारचं. सकाळची थरथर घोटाने थांबते, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू कायम जास्त जोर लावून चालतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. पुढे दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. वेळेवर उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. ते काही दिवस औषधं देऊन ती हळूहळू कमी करत नेतात, जोडीला थायमिन (ब१) देतात. तोवर त्याने स्वतःहून एकदम तोडू नये. घरातली झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका, दारूवर ती घेतली तर श्वास मंदावतो.

रिपोर्टवर फार विसंबू नका. लिव्हर खराब असूनही रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते. शिवाय तोंड, घसा, अन्ननलिका, मोठं आतडं यांच्या कॅन्सरशीही दारूचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सरकारक ठरवलंय.

प्रतिसाद २:
वैद्यकीय भाग वर आलाच आहे. मी नवऱ्याचं व्यसन जवळून पाहिलंय, म्हणून थोडं घरच्यांबद्दल. प्यायलेला असताना वाद घालू नका, शपथा तर अजिबात घेववू नका. शुद्धीत असेल तेव्हा नेमकं बोला: "काल तू मुलीला आणायला विसरलास, ती एकटी थांबली होती." "तू आमचं वाटोळं केलंस" म्हटलं की माणूस कानच बंद करतो. वहिनी त्याच्या ऑफिसात "ताप आलाय" असे फोन करत असतील तर ते थांबवा. निस्तरणारं कुणी असलं की पिणाऱ्याला झळच लागत नाही. अल-अनॉन हा गट खास घरच्यांसाठी आहे, दादा तयार नसला तरी वहिनी जाऊ शकते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. पुडी माझ्याकडे घेतलीय. एक विचारायचं राहिलं. मागे एकदा पैसे नव्हते म्हणून दादाने दोन दिवस घेतली नव्हती, तेव्हा तो बाथरूममध्ये पडला होता. जीभ चावली गेली होती, रक्त आलं होतं. सगळ्यांनी चक्कर म्हणून सोडून दिलं. हे डॉक्टरांना सांगायला हवं का?

प्रतिसाद १:
हेच सगळ्यात आधी सांगा, ती फिट असण्याची दाट शक्यता आहे. एकदा येऊन गेली असेल तर पुन्हा येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे घरी नको, भरती करूनच सोडवायला हवी. सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच दाखवा. पुडीही सोबत न्या, आणि आईंनी त्यातलं थोडंफार आधीच दिलेलं नाही ना, तेवढं आज विचारून घ्या.